दोन भावांमधली फट

आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात १२३ क्रमांकाचं एक कलम आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. या कलमात ती उलटी फिरते. चोरटा असल्याच्या रास्त संशयावरून माल जप्त झाला, तर तो चोरटा नाही हे ज्याच्याकडे सापडला त्यानंच दाखवायचं. आणि हे लागू कशाला? सोनं व सोन्याच्या वस्तू, घड्याळं, आणि सरकार अधिसूचना काढून ठरवेल तो इतर माल. सोन्याच्या मांडीला मांडी लावून घड्याळ बसलंय, ते आजतागायत.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना याची गंमत वाटेल. आमच्या घरी काकांच्या लग्नातलं घड्याळ 'बाहेरचं' होतं आणि शाळेत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी आजीची तंबी होती. हीच आजी मापात मारणाऱ्या वाण्याला रोज शिव्याशाप द्यायची. घड्याळात तिला काही वावगं दिसत नव्हतं, फक्त ते दिसू द्यायचं नव्हतं. मुंबईत मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट होतं. तिथून नायलॉनची साडी, ट्रान्झिस्टर, सेंटची बाटली आणणारा माणूस चाळीत ओशाळत नसे, उलट मिरवत असे. 'फॉरेनचं आहे' हे दोन शब्द पुरायचे. माल नकली निघाला तर उल्हासनगरच्या नावानं 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद करून मोकळे व्हायचे.

तस्कर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चोर येतो. मला ते कधी पटलं नाही. चोर दुसऱ्याचं उचलतो. तस्कर दोन भावांमधल्या फटीत घर करतो. दुबईत एक भाव, झवेरी बाजारात दुसरा, आणि मधलं अंतर वाटखर्च व पकडले जाण्याचा धोका यांच्यापेक्षा मोठं झालं की माल निघाला. ती फट बहुतेक वेळा सरकारनंच पाडलेली असते. कधी नुसत्या महसुलाच्या हावेनं, कधी कुणालातरी वाचवण्यासाठी. या दोन फटी वेगळ्या आहेत आणि त्यांना एकच औषध चालत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. आपण त्या सतत एकमेकींत मिसळत आलो, आणि त्याची किंमत रायगडच्या एकाच किनाऱ्यानं दोनदा मोजली.

आधी सोन्याचं. चीनशी युद्ध झाल्यावर जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. नवे दागिने १४ कॅरटच्या वर घडवायचे नाहीत, दागिन्यांखेरीजचं सोनं जाहीर करायचं. बाहेरून सोनं आणण्यावर बंदी होतीच. हेतू चुकीचा नव्हता. होतं तेवढं परकीय चलन यंत्रांना, धान्याला, तेलाला लागणार होतं. पण लेकीच्या गळ्यात चौदा कॅरटचं मंगळसूत्र घालायला कुठली आई तयार होणार? मागणी जागची हलली नाही. हलले ते सोनार. असंख्य कारागिरांच्या हातचं काम गेलं, आणि १९६६ मध्ये १४ कॅरटची अट सरकारला मागे घ्यावी लागली. बाकीचं नियंत्रण १९६८ च्या कायद्यानं पक्कं झालं आणि १९९० पर्यंत चाललं.

या सगळ्या काळात दुबईहून गलबतं येत राहिली. दहा तोळ्यांची बिस्किटं, ती ठेवायला खणाखणांची शिवलेली जाकिटं, आणि दमणपासून कोकणापर्यंत अंधाऱ्या रात्री होणारी 'लँडिंगं'. हे सगळं सिनेमांनी इतकं दाखवलंय की त्यावर मी शाई घालवत नाही. सिनेमात न दिसणारा भाग हिशेबाचा आहे, आणि देशाचं नुकसान तिथे आहे.

१९५० च्या दशकात आखातातल्या संस्थानांत आपलाच रुपया चालत असे. इथे चोरटं सोनं विकून आलेल्या नोटा परत आखातात जात, तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेपुढे येत, आणि त्यांच्या बदल्यात आपल्याला पौंड मोजावे लागत. म्हणजे ज्या परकीय चलनाची राखण करण्यासाठी सोन्याची आयात बंद केली, तेच चलन त्या सोन्यापायी मागल्या दारानं बाहेर जात होतं. शेवटी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. एका देशाला स्वतःचं चलन दोन रंगांत छापायला लावावं, एवढी या धंद्याची ताकद होती.

पुढे आखाती देशांनी आपापली चलनं आणली आणि वाट बदलली. म्हसळा, मुरुड, दापोली, खेड इथली माणसं सत्तरच्या दशकात कुवेत-दुबईला कामाला गेली. घरी पैसे पाठवायचे तर बँकेचा दर सरकारी. हवालावाला त्याहून चार पैसे जास्त देई, शिवाय पैसे दारात आणून पोचवी. कामगारानं तिकडे दिरहम दिले, इकडे त्याच्या आईला रुपये मिळाले. ते दिरहम मात्र भारतात आलेच नाहीत. त्यांचं तिथेच सोनं झालं, सोनं मुंबईला उतरलं, आणि ते विकून आलेल्या रुपयांतून पुढच्या महिन्याच्या आयांना पैसे मिळाले. या साखळीत कामगाराची काही चूक काढता येत नाही. त्यानं घामाचे पैसे घरी पाठवले. आईचीही नाही. ज्यानं मुलीसाठी तोळाभर घेतलं त्याचीही फारशी नाही. आणि तरी त्या घामाचं परकीय चलन देशाच्या तिजोरीत कधी पडलं नाही.

जुलै १९९१ मध्ये ती तिजोरी इतकी खाली गेली की रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं विमानानं बाहेर पाठवून गहाण ठेवावं लागलं. ज्या मुंबईच्या किनाऱ्यावर तीस वर्षं चोरून सोनं उतरत होतं, त्याच मुंबईतून सरकारनं सोनं बाहेर पाठवलं. त्या संकटाला इतरही मोठी कारणं होती. सगळा दोष तस्करीवर टाकणं हा आळस झाला. पण ज्या देशाला डॉलर मोजून खर्चायचे असतात त्याच्या हिशेबाला असं छिद्र असलं की बाकीची सगळी आकडेमोड फसवी होते, हे नाकारता येणार नाही.

खुल्या बाजाराचे कैवारी इथे म्हणतील, आम्ही काय वेगळं सांगत होतो? तस्करी म्हणजे लायसन्स राजला बाजारानं दिलेलं उत्तर. १९९१ पूर्वी आयातशुल्काचा कमाल दर ३०० टक्क्यांच्या वर होता. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण कर-उत्पन्नातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या सीमाशुल्काचा होता. गरीब देशांचं असंच होतं. दहा कोटी माणसांचं उत्पन्न मोजून कर घेण्यापेक्षा दहा बंदरांवर माणसं बसवणं सोपं, म्हणून सगळा भार बंदरावर पडतो, दर फुगतात, आणि फुगलेला दर तस्कराला आमंत्रण देतो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. घड्याळांचंच बघा. एचएमटीनं १९६१ पासून देशाच्या मनगटावर घड्याळ बांधलं, त्याचं ऋण मोठं. पण स्पर्धा नसलेल्या बाजारात नव्या तऱ्हेचं, पातळ, सुबक घड्याळ हवं असणाऱ्याला मनीष मार्केटचीच पायरी चढावी लागे. चोरट्या घड्याळांचं मार्केट छाप्यांनी मेलं नाही. टायटनसारखी देशी क्वार्ट्झ घड्याळं दुकानात मिळू लागली, शुल्क उतरलं, आणि ते आपसूक आटलं. सोन्याचंही तसंच. १९९० मध्ये नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशातून परतणाऱ्या भारतीयाला शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली, आणि किनाऱ्यावरच्या बिस्किटांचा सुवर्णकाळ संपला.

तो धडा आपण वीस वर्षांत विसरलो. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्क्यांवर गेली तेव्हा सोन्यावरचं शुल्क एकाच वर्षात पायरीपायरीनं १० टक्क्यांवर नेलं. २०२२ मध्ये ते १५ टक्के झालं. शाळकरी पोरालाही जमेल असं गणित आहे. किलोचा भाव साठ लाख धरा. १५ टक्क्यांनी एका किलोमागे नऊ लाखांची फट पडते, वर जीएसटी वाचतो तो निराळाच. नऊ लाखांत विमानाचं तिकीट, पोटात किंवा कमरेला सोन्याची पेस्ट वाहणाऱ्या गरजू पोराची मजुरी, विमानतळावरच्या एखाद्याचा हात ओला करणं, एवढं सगळं बसतं आणि वर उरतंही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क एकदम ६ टक्क्यांवर आणलं. त्याच किलोमागे आता तीन लाख साठ हजार. सगळे चोरटे मार्ग त्यानं बंद होत नाहीत, पण जीव धोक्यात घालायला तयार होणाऱ्या पोरांची रांग नक्की आखूड होते.

सोन्याच्या बाबतीत मला हाच मार्ग पटतो, कारण ती फट कुणालाच वाचवत नाही. भारतात सोन्याच्या खाणी नावापुरत्याच उरल्या आहेत; या शुल्काच्या आड सुखानं जगेल असा देशी उत्पादक नाही. मिळतो तो महसूल, आणि दर चढला की तोही गळतो. हॉलमार्क सक्तीचा झाला म्हणून चोरटं सोनं ओळखू येईल अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की हॉलमार्क कस सांगतो, वाट सांगत नाही. वितळलं की सोनं सोन्यासारखंच असतं. आणि 'बिल नको, तेवढे पैसे कमी करा' असं काउंटरवर म्हणणारे आपणच असतो.

पण त्या काळच्या तस्करीची खरी किंमत महसुलात मोजता येत नाही. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे जो माल उतरला, तो उतरवणारी माणसं, ट्रक, वाटा, वाटेतल्या नाक्यांवरचे ठरलेले हप्ते, सगळं आधीपासून तयार होतं. सोन्या-चांदीनं ते वर्षानुवर्षं घडवलं होतं. नेहमीचीच खेप आहे या समजुतीवर डोळे मिटणारे त्या वाटेवर बसलेलेच होते. त्या रात्री आरडीएक्स आणि शस्त्रं उतरली. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे टाडा न्यायालयानं ज्यांना दोषी ठरवलं त्यांत कस्टम्सचे आणि पोलिसांचे अधिकारीही होते. त्याच वर्षी व्होरा समितीनं गुन्हेगार, नोकरशाही आणि राजकारणी यांच्या साटंलोट्याबद्दल जे लिहिलं त्यात या जुन्या धंद्याचा पैसा होताच. घड्याळाची वाट घड्याळापुरती राहत नाही. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं काकांचं घड्याळ विहिरीत टाकलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. बहुधा नसतं टाकलं.

एवढं वाचून कुणी म्हणेल की मग सगळीच शुल्कं उतरवा, फट राहायलाच नको. नेमकं इथे मी खुल्या बाजारवाल्यांची साथ सोडतो. शेखाडी श्रीवर्धन तालुक्यात आहे. आणि श्रीवर्धन म्हटलं की खाणाऱ्याला आठवतो तो तिथला रोठा, पांढरीफेक गर असलेली, चवीनं खायची सुपारी. तिथल्या वाड्यांत नारळाच्या सावलीत पोफळी उभ्या असतात. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षं जातात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ नेमकं श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर येऊन आदळलं आणि आजोबा-पणजोबांनी लावलेल्या बागा एका दुपारात आडव्या झाल्या. सरकारी मदत हेक्टरावर मोजली गेली, आणि कोकणातली वाडी गुंठ्यांत असते. तरीही माणसांनी पुन्हा रोपं लावली. पिकेल तेव्हा भाव असेल, या भरवशावर.

त्या भरवशाला कागदावर आधार आहे. सुपारीवर १०० टक्के आयातशुल्क आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये किमान आयात किंमत किलोला २५१ वरून ३५१ रुपये केली गेली. ही फट जाणूनबुजून पाडलेली आहे. इंडोनेशिया, म्यानमारची स्वस्त सुपारी आली तर कर्नाटक, केरळ, आसाम आणि आपल्या कोकणातला लहान बागाईतदार उभा राहू शकणार नाही, म्हणून. कारखानदाराचं मशीन जुनं झालं तर तो दुसरं घेईल. सात वर्षं वाढवलेली पोफळ तोडून बागाईतदारानं दुसऱ्या महिन्यात काय लावायचं? इथे शुल्क म्हणजे वेळ आहे, आणि शेतीला वेळ लागतो.

आणि इथेच तस्कराची चांदी होते, कारण फट मोठी आणि राखण ढिली. म्यानमारमधून मिझोरम-मणिपूरच्या डोंगरांतून पोती उतरतात, आसामात ट्रकवर चढतात आणि देशी सुपारीचे कागद लावून पुढे निघतात. बराचसा माल येतो तो नागपूरला. नागपुरात पोफळ उगवत नाही, पण सुपारी कातरण्याचा, भाजण्याचा मोठा धंदा आहे, आणि विदर्भभर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खाल्ला जातो. निकृष्ट, सडक्या परदेशी सुपारीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, सीबीआयकडे तपास आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ईडीनं मुंबई-नागपुरात छापे घातले. दुसरी वाट सनदशीर दिसणारी आहे. श्रीलंकेशी आपला मुक्त व्यापार करार २००० पासून लागू आहे. तिथल्या मालाला सवलत, म्हणून तिसऱ्याच देशाच्या सुपारीला तिथला उगमाचा दाखला चिकटवायचा. तिसरी वाट तर थेट न्हावा शेवा बंदराची. २०२३ मध्ये तिथे डांबर म्हणून आलेल्या कंटेनरांतून सुपारी निघाली. गलबतं गेली, कंटेनर आले. अंधाऱ्या रात्रीची गरज उरलेली नाही. भर दुपारी, कस्टम हाउस एजंटाच्या सहीशिक्क्यानं काम होतं.

सुपारीची बाजू घेताना जीभ थोडी चावली जाते हे कबूल करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सुपारीला कर्करोगकारक म्हटलं आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि शेजारच्या राज्यांतून येणारा गुटखा कुठल्या टपरीवर मिळत नाही ते मला दाखवा. सरकारला सुपारी कमी करायची असेल तर उघड करावी, बागाईतदाराला दुसरं पीक आणि तेवढी वर्षं देऊन करावी. खाणारा तेवढाच खातो आहे, फक्त बागाईतदाराच्या जागी तस्कर कमावतो आहे, याला आरोग्यधोरण म्हणता येणार नाही. उलट सडका माल खाणाऱ्याचं आणखीच वाटोळं करतो.

मग करायचं काय? जिथे शुल्क फक्त तिजोरीसाठी आहे, तिथे ते एवढं ठेवावं की चोरीचा खर्च परवडू नये. जिथे ते कुणाला तगवण्यासाठी आहे, तिथे राखणीला पैसे आणि माणसं द्यावीत, नाहीतर भाबड्या बागाईतदाराला खोटी आशा दाखवू नये. उगमाचे दाखले तपासायचे नियम २०२० मध्ये आले आहेत. ते दाखल्याच्या कागदावर न थांबता बाहेरच्या बागेपर्यंत, तिथल्या उत्पादनाच्या आकड्यापर्यंत पोचायला हवेत. एखाद्या देशात पिकते त्याहून जास्त सुपारी तिथून आपल्याकडे येत असेल तर ते कळायला हेरखातं लागत नाही, अंकगणित पुरतं. आणि पकडल्यावर कोण पकडला गेला तेही लोकांना कळू द्यावं. विमानतळावर पोटात सोनं सापडलेल्या पोराचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. ज्याच्या पैशानं ते सोनं विकत घेतलं गेलं त्याचा माग फार क्वचित लागतो. डांबराच्या कंटेनरामागचा आयातदार बहुतेकदा कागदावरची कंपनी निघते, आणि तिचा पत्ता शोधत गेलं की एखादी बंद खोली सापडते.

निसर्गनंतर लावलेल्या पोफळींना आता कुठे फळ धरू लागलं आहे. श्रीवर्धनला गेलात तर एखाद्या वाडीत विचारून बघा. व्यापारी दारात येतो, रोठा हातात घेऊन बघतो, चांगला आहे म्हणतो, आणि मग म्हणतो, 'पण मार्केटमध्ये बाहेरचा माल खूप आलाय हो.' बागाईतदारानं तो माल कधी पाहिलेला नसतो. त्याच्याच किनाऱ्यावरून पूर्वी काय काय उतरलं तेही त्यातल्या अनेकांनी पाहिलं नव्हतं. भाव मात्र त्याला सांगितला जातो, आणि सुपारी पावसाआधी विकायची असते.